प्रगतीची कबुली की पानाचे वाचन? : मासिकरचना शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या आत्मपरीक्षणाची चिकित्सा

प्रस्तावना

मासिकाची रचना शिकणाऱ्या विद्यार्थ्याने अखेरीस स्वतःच्या कामाविषयी लिहावे, ही अपेक्षा माध्यमशिक्षणात रूढ झाली आहे. इंग्लंडमधील ओ.सी.आर. या परीक्षा मंडळाचा माध्यम-अभ्यास विषयातील एक घटक हे त्याचे ठळक उदाहरण होय. २००८ पासून शिकवल्या गेलेल्या या घटकाची जागा २०१७ पासून नव्या अभ्यासक्रमाने घेतली. मुद्रित माध्यम निवडणारा विद्यार्थी प्रथम सराव म्हणून शाळा वा महाविद्यालयाच्या मासिकाचे मुखपृष्ठ व अनुक्रमणिका तयार करी. त्यानंतर नव्या संगीतविषयक मासिकाचे मुखपृष्ठ, अनुक्रमणिका व समोरासमोरची दोन पाने ही मुख्य कामगिरी असे. १०० पैकी २० गुण मूल्यमापनात्मक लेखनास होते. त्यातील सात प्रश्नांपैकी शेवटचा प्रश्न असा की, सरावापासून अंतिम कामापर्यंत आपण काय शिकलो असे तुम्हास वाटते?

प्रश्नातील गृहीतक

या प्रश्नाचे बळ तुलनेत आहे. विद्यार्थ्याची दोन कामे शेजारी ठेवली की चर्चा हवेत राहत नाही. पुरावा समोर असतो. परंतु प्रगती झालीच आहे, हे प्रश्न आधीच धरून चालतो. त्यामुळे उत्तराला कबुलीजबाबाचे रूप येण्याचा धोका संभवतो : पूर्वी मी पाच प्रकारची अक्षरे वापरली, आता दोनच वापरतो, पूर्वी मला संगणकप्रणाली येत नव्हती, आता येते. येथे नियम सांगितला जातो, त्याचे कारण मात्र सांगितले जात नाही. शिवाय दोन्ही कामांचे प्रकार भिन्न आहेत. संगीतविषयक मासिकाचे मुखपृष्ठ अधिक उठावदार दिसले, तर ते कौशल्याचे फळ की त्या प्रकाराच्या संकेतांचे, हे कसे ठरवावे? विद्यार्थ्याने नेमके हेच तपासावयास हवे. प्रश्न त्याला तसे करण्यास भाग पाडत नाही.

आपल्या वार्षिकांकाच्या संदर्भात

हा दोष परक्या परीक्षेपुरता नाही. आपल्या महाविद्यालयांच्या वार्षिकांकांचे काम करणाऱ्या विद्यार्थ्यांकडून अनुभवकथन मागताना आपणही 'खूप शिकायला मिळाले' एवढ्यावर समाधान मानतो. वास्तविक देवनागरी पान विद्यार्थ्याला पुष्कळ विचारावयास लावते. रेफ व मात्रा शिरोरेषेच्या वर जातात, उकार खाली उतरतात. म्हणून रोमन लिपीच्या सवयीने ठेवलेले ओळींमधील अंतर मराठीस अपुरे पडते. अरुंद स्तंभात दोन्ही कडा जुळवल्या की लांब सामासिक शब्दांमुळे ओळीत पांढरी भगदाडे पडतात. जुन्या फाँटमधील मजकूर युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरे बिघडतात. बापूराव नाईक यांचा देवनागरी मुद्राक्षरांविषयीचा ग्रंथ १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे या विचाराची परंपरा आपल्याकडे आहे. ती वर्गापर्यंत पोहोचविणे आपले काम आहे.

समजा, एखाद्या विद्यार्थिनीने लिहिले की, पहिल्या मुद्रितात वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीस टेकत होता. अंतर वाढविल्यावर लेख पानाबाहेर गेला. तेव्हा छायाचित्र लहान करावे की मजकूर कापावा, असा पेच पडला व मी छायाचित्र लहान केले. या तीन वाक्यांत संगणकप्रणालीचे नावही नाही; तरी निर्णय आहे, कारण आहे आणि मोजलेली किंमत आहे.

समारोप

तात्पर्य, 'काय शिकलात?' याऐवजी तीन प्रश्न विचारणे इष्ट ठरेल : कोणता निर्णय बदलला? वाचक कोठे अडखळला? बदलासाठी काय सोडावे लागले? ज्या निर्णयाने पान बिघडले, त्याच्या प्रामाणिक नोंदीसही गुण असावेत. अन्यथा आपण रचनेचे शिक्षण देणार नाही. प्रगतीची भाषा तेवढी शिकवू. आणि ती भाषा विद्यार्थी फार लवकर आत्मसात करतात.