लाल पाचर पुरे झाली

२०१७ साली रशियन क्रांतीची शंभरी भरली आणि पश्चिमेतल्या संग्रहालयांनी आपापल्या तळघरांतली पोस्टरं वर काढली. लंडनची रॉयल अकॅडमी, टेट मॉडर्न, शिकागोचं आर्ट इन्स्टिट्यूट, न्यूयॉर्कचं मोमा, सगळीकडे प्रदर्शनं लागली आणि जाडजूड कॅटलॉग निघाले. ती लाट अजून ओसरायला तयार नाही. एल लिसिट्स्कीच्या पोस्टरातली लाल पाचर आता टी-शर्टवर आहे, कॉफीच्या मगावर आहे. रॉदचेन्कोने तोंडाशी हात धरून ओरडायला लावलेली लील्या ब्रिक तर इतक्यांनी उचलली की ती काय ओरडते आहे हे विचारायची गरजच कुणाला वाटत नाही. ती ‘पुस्तकं’ असं ओरडते आहे. लेनिनग्राडच्या सरकारी प्रकाशनसंस्थेची १९२४ सालची ती जाहिरात. २००५ मध्ये फ्रान्झ फर्डिनांड या स्कॉटिश बँडने तिची मुद्रा आपल्या आल्बमच्या वेष्टनावर घेतली आणि पुस्तकांच्या जागी स्वतःचा माल ठेवला. त्याआधी, १९७८ साली, क्राफ्टवेर्कने लिसिट्स्कीला असंच वापरून घेतलं होतं.

चित्र तेवढं ठेवा, बोलणं काढून टाका. रशियन पोस्टरांच्या सध्याच्या कौतुकामागचा हिशेब इतका सरळ आहे, आणि मोठं कोण, छोटं कोण हेही त्यावरूनच ठरलंय. लिसिट्स्कीच्या पाचरीत पांढरं वर्तुळ, त्यात घुसलेला लाल त्रिकोण आणि चार शब्द. म्हणून ती पहिल्या नंबरावर. स्टेनबर्ग बंधूंची सिनेमाची पोस्टरं भोवळ आणतात, पण ती तिकिटं खपवायला काढलेली होती. क्रांतीशी त्यांचं नातं तारखेपुरतं. अप्सिटचे राक्षस आणि साखळ्या १९१८ मध्येही शिळ्याच होत्या. पृथ्वीवरून राजेरजवाडे, पाद्री आणि भांडवलदार झाडून काढणारा डेनीचा लेनिन सगळ्यांना पाठ असतो. मात्र त्यामागची कल्पना चित्रकार मिखाईल चेरेम्निखची, हे कुणी सांगत नाही.

चेरेम्निखचं नाव मागे पडावं यात नवल नाही, कारण त्याने जे उभं केलं ते भिंतीवर टांगून विकता येत नाही. १९१९ च्या शरद ऋतूत मॉस्कोच्या त्वेर्स्काया रस्त्यावर, मिठाईच्या एका रिकाम्या दुकानाच्या काचेत, त्याने ‘रोस्ता’ या सरकारी तारसंस्थेच्या बातम्या चित्रांतून लावल्या. यादवी युद्ध पेटलेलं, कागदाचा दुष्काळ, छापखाने ठप्प, वर्तमानपत्र निघालं तरी वाचता येणारे थोडे. आणि दुकानात मिठाई कुठून असणार! त्या काचेसमोर गर्दी जमली. थोड्याच दिवसांत कवी मायाकोव्हस्की येऊन मिळाला, मग चित्रकार माल्यूतिन आला, आणि या मंडळींनी पुढच्या दोन-सव्वादोन वर्षांत सुमारे सोळाशे ‘खिडक्या’ काढल्या. त्यांतला बहुतेक मजकूर एकट्या मायाकोव्हस्कीचा.

हे काम कसं चालायचं ते नीट समजून घेतल्याशिवाय या कलेविषयी बोलण्यात अर्थ नाही. तार यायची. तिच्यावरून चार ओळी जुळवल्या जायच्या आणि चौकटी पाडल्या जायच्या, कधी चार, कधी डझनभर. चित्रकार पहिली प्रत रंगवून लगेच बाहेर लावायला द्यायचा. काही वेळा तार आल्यापासून तासाभरात पोस्टर रस्त्यावर असायचं. मग तेच चित्र स्टेन्सिल कापणाऱ्यांकडे. एकेका रंगाचा एकेक पुठ्ठा कापायचा, कागदावर ठेवून सरसातला रंग ब्रशने थोपटायचा, पुठ्ठा उचलायचा, दुसरा ठेवायचा. अशा शे-दीडशे प्रती निघत आणि रेल्वेने गावोगाव जात. तिथले लोक त्यावरून पुन्हा स्टेन्सिल कापत. खोलीत शेगडीचा धूर आणि हाडं गोठवणारी थंडी. गाढ झोप लागू नये म्हणून आपण उशाला ओंडका घेऊन झोपायचो, असं मायाकोव्हस्कीने पुढे लिहून ठेवलंय. त्याने पेन्सिलीने रेखलेल्या आकृत्यांत रंग भरायला याच खोलीत लील्या ब्रिक बसायची. ओरडणारी लील्या जगाला माहीत आहे. हाताला रंग लागलेली लील्या कुठल्याच मगावर नाही.

पुठ्ठा कापून चित्र काढायचं म्हटलं की बारकावे गळून पडतात. माणसाला नाक-डोळे उरत नाहीत. उरतो तो त्याचा बाक, पोट, टोपी. कामगार अख्खा लाल, भांडवलदाराच्या डोक्यावर उंच हॅट, पोलिश सरदाराला मिशा. पेहरावावरून कोण ते कळलं पाहिजे, आणि पुढच्या चौकटीत त्याचं काय होतं ते वाचावंसं वाटलं पाहिजे. जत्रेत विकल्या जाणाऱ्या ‘लुबोक’ चित्रांची सवय रशियन खेडुताला पिढ्यानपिढ्या होती. चित्राखाली यमकात मजकूर, आणि वाचता येणाऱ्याने मोठ्याने वाचायचा. खिडक्यांनी ती सवय हेरली. लिसिट्स्कीने त्या खेडुताला भूमिती शिकायला सांगितलं.

ऑगस्ट १९२० मधली एक खिडकी पाहा. एक बाई बाजारात कणकेची कडी विकायला चालली आहे. पोलंडच्या आघाडीवर निघालेला उपाशी लाल सैनिक तिच्याकडे एक कडं मागतो. तुझ्या प्रजासत्ताकाशी मला काय देणंघेणं, म्हणून बाई त्याला वाटेला लावते. सैन्य अर्धपोटी लढतं, शत्रू आत घुसतो, आणि ही गुबगुबीत बाई दिसताच कड्यांसकट तिलाच खाऊन टाकतो. शेवटी उपदेश: लाल सैन्याला खाऊ घाला. चौकटीगणिक बाईचा ताठा वाढतो आणि तिचं मरण जवळ येतं. हसू येतंच. मायाकोव्हस्कीच्या हातात यमक म्हणजे चिमटा होता, आणि ही गोष्ट चित्रावाचून किंवा ओळींवाचून अर्धीही उरत नाही.

पेत्रोग्राडच्या खिडक्या अधिक देखण्या होत्या, हे मान्य करायला हवं. तिथे कोझलिन्स्की लिनोकट छापून हाताने रंगवायचा आणि व्लादिमीर लेबेदेव मोजक्या रंगपट्ट्यांत माणूस उभा करायचा. लेबेदेवचा करवत चालवणारा कामगार, शेजारी टेकवलेली बंदूक, हे या सबंध काळातलं सर्वांत नेमकं चित्र. काम चालू आहे, पण लढाई संपलेली नाही. क्यूबिझम त्याने पचवला होता, त्याचं प्रदर्शन मांडलं नव्हतं. हाच लेबेदेव पुढे मार्शाकच्या बालगीतांची अप्रतिम पुस्तकं करतो, आणि १९३६ मध्ये ‘प्राव्दा’ त्याला चित्रं बरबटवणारा ठरवून झोडपतो.

मूरचं काय? द्मित्री मूरचा बोट रोखणारा सैनिक, जून १९२० मध्ये एका रात्रीत काढलेला आणि जवळपास पन्नास हजार प्रतींत छापलेला, हा किचनरच्या १९१४ च्या इंग्रजी पोस्टरचा आणि अमेरिकेच्या अंकल सॅमचा लाल चुलतभाऊ. तो गाजला, गाजू दे. मूरचं खरं काम दीडेक वर्षाने आलं. व्होल्गाकाठी दुष्काळ पडला आणि लाखो माणसं अन्नावाचून मेली, तेव्हाचं ‘मदत करा’. काळ्या कागदावर हाडांचा सापळा झालेला म्हातारा, लांब सदरा, हात वर, मागे मोडलेली ओंबी. नुसता एक शब्द.

आता ही दोन पोस्टरं शेजारी ठेवा, कड्यांवाली बाई आणि हा म्हातारा. मधे फार तर दीड वर्षाचं अंतर. मायाकोव्हस्की ज्या बाईला हसतो, तिच्याकडून, तिच्या गावाकडून सक्तीने धान्य उचललं जात होतं. आपल्याकडे धान्याच्या सक्तीच्या लेव्हीच्या आठवणी असलेल्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. मार्च १९२१ मध्ये सरकारलाच ती वसुली बंद करून ठरावीक कर लावावा लागला, आणि त्या नव्या धोरणाचं समर्थन मग याच खिडक्यांनी केलं. दुष्काळाला अवर्षण कारण होतंच, पण वसुलीने कोठारं आधीच रिकामी केली होती. मग ती खिडकी खोटी म्हणायची? खोटी, क्रूर, आणि तरीही उत्तम रचलेली. तिच्यावर संतापता येतं, तिच्याशी भांडता येतं, त्या बाईची बाजू घेता येते, कारण ती कुणाला तरी, ठरावीक दिवशी, ठरावीक गोष्ट सांगते. लाल पाचरीशी कसं भांडणार? त्रिकोण वर्तुळात घुसला, यावर कुणाचा आक्षेप असणार? म्हणूनच ती इतकी लाडकी. तिच्यात धान्य नाही, बाई नाही, तारीख नाही.

आशय कालबाह्य झाला, घाट तेवढा उरला, असं सांगणारे समीक्षक स्वतःची सुटका करून घेतात. मराठीत हे कुणी अण्णा भाऊंच्या ‘स्टालिनग्राडच्या पोवाड्या’बद्दल म्हणून दाखवावं. गिरणगावात तो ऐकणाऱ्यांना युद्धाची बातमी हवी होती. पोवाडा होता म्हणून ती पोचली, आणि बातमी होती म्हणून तो पोवाडा उभा राहिला. एकातून दुसरं वेगळं काढून ठेवलं तर हाती काय येणार?

क्लुत्सिसच्या फोटोमाँटाजचे भक्त इथे हरकत घेतील. असंख्य हातांनी भरलेला तो १९३० चा उंचावलेला हात थोर आहे, आणि त्याच्या कर्त्याला त्याच सत्तेने फेब्रुवारी १९३८ मध्ये गोळी घातली, ही गोष्ट विसरता येण्यासारखी नाही. पण पोस्टर म्हणून पाहिलं तर तिथे बोलणारा माणूस संपलेला आहे. कॅमेऱ्याने काढलेला प्रचंड हात, प्रचंड चेहरा, आणि खाली मुंगीएवढी माणसं. खिडकी रस्त्यावरच्या माणसाच्या खांद्याला खांदा लावून टवाळी करत होती; इथे त्याला मान वर करून पाहायला लावलंय. १९३१ मध्ये केंद्रीय समितीने ठराव करून पोस्टरांचं सगळं काम इझोगिझ या एका सरकारी प्रकाशनाखाली आणलं, त्याच्या आधीच ही मान वर झालेली होती. ठराव नंतर आला म्हणून सगळा दोष त्याच्यावर ढकलायचा, ही कलेतिहासाची जुनी सोय आहे.

स्टेन्सिल म्हणजे गरिबीची तडजोड, छापखाने असते तर कोण पुठ्ठे कापत बसलं असतं, असा युक्तिवादही केला जातो. जून १९४१ मध्ये हिटलरने हल्ला केला तेव्हा मॉस्कोत छापखाने होते, लिथोग्राफी होती, लाखांनी प्रती काढायची सोय होती. तरी आठवड्याच्या आत ‘तास’ या तारसंस्थेच्या खिडक्या सुरू झाल्या, पुन्हा हाताने कापलेल्या स्टेन्सिलच्या, आणि त्या सुरू करणाऱ्यांत चेरेम्निख होता. या नव्या खिडक्यांत एकेका चित्राला डझनावारी पुठ्ठे लागत. रंग गडद, छटा तैलचित्रासारख्या, कारागिरी थक्क करणारी आणि विनोद बराच जड. विसाच्या दशकात चार पुठ्ठ्यांत होत होतं ते इथे चाळीसांत होत नाही. पण तार आली की आज रात्रीच चित्र हवं, ही निकड छापखान्याने भागत नव्हती, हे तेव्हाच्या सरकारला कळलं होतं. आजच्या कॅटलॉगकारांना कळायचं असेल तर त्यांनी पाचरीची पानं निम्मी करावीत आणि त्या जागी एक अख्खी खिडकी छापावी: सगळ्या चौकटी क्रमाने, खाली ओळींचा अर्थ, वर तारीख, आणि त्या आठवड्यात कुठल्या गावातून किती धान्य उचललं गेलं त्याचा आकडा.