नावापुरता नागसेन

‘मिलिंदप्रश्न’ या पाली ग्रंथातला मुख्य संवाद नावावरून सुरू होतो. यवन म्हणजे ग्रीक राजा मिलिंद भिक्खू नागसेनांपुढे येऊन बसतो, क्षेमकुशल होतं आणि राजा त्यांचं नाव विचारतो. दोन अनोळखी माणसं भेटली की कुठेही हेच घडतं, आणि उत्तर एका शब्दात संपतं. नागसेन ते संपू देत नाहीत. ते सांगतात की मला नागसेन म्हणून ओळखतात, सोबतचे भिक्खू याच नावाने हाक मारतात. आईबाप मुलाचं नाव नागसेन ठेवतात, कुणी शूरसेन, वीरसेन किंवा सिंहसेन ठेवतात. पण हा सगळा बोलण्याचालण्याचा व्यवहार आहे. नागसेन हा नावापुरता. त्या नावामागे शोधून हाती लागेल असा कुणी पुरुष नाही.

हे नाव नागपुरात आजही चालतंबोलतं आहे. इंदोरा, वैशालीनगर अशा वस्त्यांत ‘नागसेनभाऊ’ अशी हाक आली तर कुणी चमकून पाहत नाही. वस्तीबाहेर मात्र ते पुष्कळदा दुसऱ्यांदा सांगावं लागतं, आणि ऐकणारा तेवढ्यात समोरच्याचं घर, वस्ती, जात मनाशी ठरवून मोकळा होतो. ज्या भिक्खूने नावामागे कुणी नाही असं राजाला तोंडावर सांगितलं, त्याचंच नाव मुलाला द्यावं असं इथल्या कष्टकरी आईबापांना का वाटलं असेल? माझ्या मते याचं उत्तर त्या संवादातच आहे. म्हणून आधी तो नीट वाचायला हवा.

राजा विद्वान आहे, वादात कधी न हरलेला आहे. नागसेनांचं उत्तर ऐकून तो गोंधळत नाही. तो सोबतच्या पाचशे यवनांना आणि जमलेल्या ऐंशी हजार भिक्खूंना साक्षी ठेवतो आणि विचारतो की पुरुषच नसेल तर तुम्हाला चीवर कोण देतं, भिक्षा कोण देतं, ते वापरतं कोण? शील कोण पाळतं, ध्यान कोण करतं? उद्या कुणी तुमचा जीव घेतला तर त्याला हत्या म्हणायचं की नाही? तुम्हाला आचार्य नाहीत, उपाध्याय नाहीत, उपसंपदाही नाही असंच ना? राजाच्या प्रश्नात थट्टा नाही, धास्ती आहे. माणूसच नाही म्हटलं की जबाबदारी कुणावर टाकायची, पुण्य कुणाचं आणि अपराध कुणाचा, ही ती धास्ती. या ग्रंथाचा मोठेपणा मला इथे पहिल्यांदा जाणवतो. सिद्धान्तावरचा सर्वांत कठीण आक्षेप त्याने प्रतिपक्षाच्या तोंडी, पूर्ण ताकदीनिशी घातला आहे.

मग राजा झडती घेतो. केस म्हणजे नागसेन का? नाही. अंगावरची लव? नाही. नखं, दात, त्वचा? नाही. मांस, स्नायू, हाडं, मज्जा, हृदय, यकृत, फुफ्फुस, आतडी, पित्त, कफ, पू, रक्त, घाम, मेद, अश्रू, लाळ, शेंबूड, अगदी डोक्यातला मेंदूसुद्धा. प्रत्येकाला उत्तर एकच, नाही. त्यानंतर राजा रूप, वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान हे पाच स्कंध पुढे करतो. ते एकेक घेऊन नाही, सगळे मिळून नाही, सगळे सोडूनही नाही. शेवटी तो जाहीर करतो की नागसेन हा नुसता ध्वनी आहे आणि भन्ते खोटं बोलत आहेत.

शरीराच्या भागांची ही यादी भिक्खूंच्या रोजच्या चिंतनातली. बत्तीस अंगांची ती उजळणी विहारात पाठच असे. इथे ती उलटतपासणी म्हणून वापरली आहे, आणि त्यामुळे तिला वेगळीच धार येते. हृदय आणि शेंबूड एकाच ओळीत बसतात. कुठला भाग उंच नाही, कुठला ओंगळ म्हणून गाळलेला नाही. ज्या समाजाने माणसाच्या सावलीचाही विटाळ मानला, त्या समाजात ही यादी वाचताना मी दर वेळी थबकतो. राजा केसांपासून मेंदूपर्यंत आणि वेदनेपासून विज्ञानापर्यंत सगळं चाचपतो, आणि त्या सगळ्यात जात कुठेच निघत नाही. ग्रंथकाराने हे सांगण्यासाठी ती यादी घातली नसेल. पण नागपूरच्या वाचकाला ते दिसल्यावाचून राहत नाही.

आता नागसेनांची पाळी येते, आणि इथे संवादाचा सूरच बदलतो. ते प्रतिवाद करत नाहीत, राजाच्या पायांची विचारपूस करतात. आपण राजपुत्र, सुखात वाढलेले. भर दुपारी तापलेल्या जमिनीवरून, वाळू-खड्यांवरून चालत आला असाल तर पाय दुखत असतील, शरीर शिणलं असेल, मनही त्रासलं असेल. तेव्हा पायी आलात की वाहनाने? राजा सांगतो, रथाने. ही चौकशी खरीखुरी आहे, त्या उन्हाचा चटका वाचणाऱ्यालाही लागतो. पण तिच्यातूनच नागसेनांना हवा असलेला ‘रथ’ हा शब्द राजा स्वतःच्या तोंडाने देऊन बसतो. वादातला इतका प्रेमळ डावपेच मी क्वचितच वाचला आहे.

मग तीच झडती रथाची. दांडी म्हणजे रथ का? आस? चाकं? सांगाडा? ध्वजाचा दंड, जू, लगाम, चाबूक? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. सगळे मिळून? नाही. सगळे सोडून? तेही नाही. तेव्हा नागसेन त्याच पाचशे यवनांना आणि ऐंशी हजार भिक्खूंना साक्षी ठेवून म्हणतात, रथ हा नुसता ध्वनी आहे, राजा खोटं बोलतो आहे. यवन आनंदाने राजाला म्हणतात, द्या आता उत्तर. आणि राजा देतो. मी खोटं बोललो नाही, तो सांगतो. दांडी, आस, चाकं यांच्या आधाराने ‘रथ’ हे नाव चालतं. नावाची व्याख्या अशी राजाच्याच तोंडून बाहेर पडते. नागसेनांना एवढंच म्हणायचं उरतं की माझंही तसंच आहे. आणि या साऱ्याला आधार म्हणून ते वजिरा नावाच्या भिक्खुणीची गाथा सांगतात. राजासमोरच्या या गाजलेल्या वादात शेवटचा दाखला एका बाईचा आहे, हे विसरून चालणार नाही.

नाव खोटं आहे असं नागसेन कुठेच म्हणत नाहीत. नाव चालतं, उपयोगी पडतं, हाकेला ओ देता येते. पण ते माणसाच्या हाडामांसात जन्मतः कोरलेलं नसतं. लोक वापरतात म्हणून ते असतं. मग जे वापराने आलं, ते वापराने बदलताही येईल.

आता हे मनुस्मृतीशेजारी ठेवून पाहा. दुसऱ्या अध्यायातला एकतिसावा श्लोक बारशाचा नियम सांगतो. ब्राह्मणाचं नाव मंगल असावं, क्षत्रियाचं बलाचं, वैश्याचं धनाचं, आणि शूद्राचं तिरस्कार दाखवणारं. म्हणजे नाव हे जन्माचं माप आणि ते पाळण्यातच ठोकायचं. दगडू, धोंडू, कचरू ही नावं मूल जगावं, त्याला दृष्ट लागू नये म्हणून इतर जातींतही ठेवली जात, हे खरं. पण इतरांना ती नवसाने मिळत. अस्पृश्य मानलेल्या माणसाने चांगलं नाव ठेवलंच, तरी गाव ते मोडून, अर्धं करून, अरेतुरेत हाक मारी. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली गेली तेव्हा हा श्लोकही त्या आगीत होता.

पुढे बाबासाहेब आंबेडकरांनी नव्या नावांची सुरुवात संस्थांपासून केली. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय निघालं. १९५० साली तेव्हाच्या औरंगाबादला सुरू झालेलं महाविद्यालय पुढे मिलिंद महाविद्यालय झालं आणि त्याचा परिसर नागसेनवन. प्रश्न विचारणाऱ्याचं नाव इमारतीला आणि उत्तर देणाऱ्याचं नाव भोवतीच्या जमिनीला, ही रचना मला फार अर्थपूर्ण वाटते. विद्यार्थी रोज नागसेनांच्या वनातून मिलिंदाच्या दारात जात. नागपूरचे गंगाधर पानतावणे तिथेच शिकवत होते आणि ‘अस्मितादर्श’ चालवत होते. ही नावं आधी पाटीवर, वहीवर, गुणपत्रिकेवर दिसली आणि मग पाळण्यात गेली.

नागपुरात या नावांना जमीन मिळाली ती १४ ऑक्टोबर १९५६ ला. अशोक विजयादशमीच्या त्या दिवशी कुशीनगरच्या भदंत चंद्रमणींकडून बाबासाहेबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि मग लाखोंना दिली. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात त्यांनी नागपूरच का निवडलं ते सांगितलं. बौद्ध धम्म पसरवणारे नाग लोक या भागात राहत, इथली नदी नाग, जवळच नागार्जुनाचा डोंगर. त्या दिवसापासून ‘नाग’ या दोन अक्षरांना शहरात वेगळं वजन आलं. पाली ग्रंथातले नागसेन मुळात कजंगल गावच्या सोणुत्तर ब्राह्मणाचे पुत्र. याच ग्रंथाचं एक जुनं चिनी रूप आहे. त्याला मिलिंदाऐवजी नागसेनांचंच नाव आहे आणि त्यात या नावाची कथा वेगळी येते. मूल जन्मलं त्याच दिवशी घरी हत्ती जन्मला, म्हणून ते नाव. पालीत नाग म्हणजे सर्पही आणि हत्तीही. नागपूरच्या आईबापांनी मात्र त्यात आपली नदी, आपलं शहर आणि आपले पूर्वज ऐकले. आणि नावाला अर्थ वापरणारे देतात, हे तर स्वतः नागसेनच सांगून गेले आहेत.

मग घराघरांत सिद्धार्थ, राहुल, आनंद, गौतम, सुजाता, यशोधरा, विशाखा, संघमित्रा आले. पाळण्याशेजारी बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, मेणबत्ती, त्रिशरण-पंचशील, आणि मग आत्याने मुलाच्या कानात सांगितलेलं नाव. यातली बरीच नावं सगळ्या समाजात आधीपासून होती किंवा लवकरच पसरली. मिलिंदचंच पाहा. त्या राजाच्या नाण्यांवर तो मेनँडर आहे, पालीने त्याचा मिलिंद केला. संस्कृतात मिलिंद म्हणजे भुंगा, आणि तेवढ्या आधारावर ते नाव कुठल्याही घरात शिरू शकलं. क्रिकेटपटू मिलिंद रेगे १९४९ चे, म्हणजे दीक्षेच्या आधीचे. मिलिंद सोमण, मिलिंद गुणाजी, ‘शाळा’ लिहिणारे मिलिंद बोकील आणि भीमगीतांचे गायक मिलिंद शिंदे यांचं नाव एकच. एका घरात ते भुंग्यावरून आलं असेल, दुसऱ्यात यवन राजावरून. नुसतं नाव ऐकून काही कळत नाही, आणि ही त्या नावाची मोठी कमाई आहे.

नागसेनच्या वाट्याला ती सोय आली नाही. त्याला फुलाचा, भुंग्याचा, देवाचा आडोसा नाही. बौद्ध घरांबाहेर ते जवळजवळ गेलंच नाही, म्हणून ते कधी फार पसरलं नाही. पण ज्यांनी ते ठेवलं, त्यांनी लपायला जागा न ठेवता ठेवलं. साठ-सत्तरच्या दशकांत मुलाला शाळेत घालताना रजिस्टरात हे नाव लिहून घेणाऱ्या बापाचं धैर्य मला मिलिंदाच्या प्रश्नांपुढे उभं राहण्याइतकंच मोठं वाटतं.

आता नागसेन हे नाव बहुतेक बापांचं, काकांचं किंवा आजोबांचं. नव्या पाळण्यांत सम्यक, बोधी, तथागत ही नावं अधिक ऐकू येतात, आणि आरव, विहान तर सगळीकडेच. याबद्दल तक्रार करण्याचं मला कारण दिसत नाही. पन्नास वर्षांपूर्वीच्या आईबापांना नावातून जे सांगायचं होतं, ते आजच्यांना पदवीतून, नोकरीतून, घराच्या पाटीतून सांगता येतं. तरी एक गोष्ट निसटू नये असं वाटतं. रथाच्या संवादानंतर राजा आणखी चर्चा करू म्हणतो, तेव्हा नागसेन अट घालतात. पंडितांसारखी चर्चा करणार असाल तर बोलू, राजांसारखी करणार असाल तर नाही. पंडितांच्या चर्चेत गुंडाळणं असतं, उलगडणं असतं, चूक दाखवणं आणि मान्य करणंही असतं, पण कुणी रागावत नाही. राजे मात्र आपलं म्हणणं न पटणाऱ्याला शिक्षा फर्मावतात. मिलिंद अट मान्य करतो. भिक्षापात्र घेऊन फिरणारा माणूस सिंहासनाला चर्चेची रीत शिकवतो आणि सिंहासन ती शिकतं. या नावामागे काही उभं असेल तर ते हे आहे.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या दुकानांत मुलांच्या नावांच्या छोट्या पुस्तिकाही मिळतात. त्या घेणाऱ्या तरुण आईबापांना एवढंच सांगणं आहे. ‘न’ या अक्षराशी आलात की उलटून पुढे जाऊ नका. त्याच दुकानात ‘मिलिंदप्रश्न’ मागा आणि रथाचा संवाद वाचा. दोन-चार पानांचा आहे. आणि तुमच्या घरात आधीच एखादे नागसेनकाका असतील, तर तो त्यांच्याकडूनच मोठ्याने वाचून घ्या.