पान, शेंडा आणि परवाना

१९८५च्या अमली पदार्थ कायद्याने एकाच झाडाचे दोन पदार्थ केले. शेंड्याचा फुलोरा म्हणजे गांजा, तो गुन्हा. शेंड्याशिवायची नुसती पानं व्याख्येबाहेर. त्यांची भांग राज्याच्या अखत्यारीत, आपल्याकडे १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली. तत्त्वज्ञानवाल्यांना अशा व्याख्यांची गंमत वाटते, पण आम्हाला खटकतं ते निराळंच.

१८९३-९४च्या हेम्प ड्रग्ज कमिशननेही सरसकट बंदी नको, परवाना आणि कर ठेवा, असंच सांगितलं. ठीक. पण परवाना देताना विचारायचं कुणाला? कॅलिफोर्नियात २०१६च्या जनमतानंतर गांजाविक्री कायदेशीर झाली, तरी स्थानिक शहराची मनाई असेल तर राज्य परवाना देत नाही. आपल्याकडे दारूच्या दुकानाविरुद्ध बायका 'आडवी बाटली' करू शकतात, तीही दुकान थाटल्यावर. त्याला निम्म्याहून जास्त महिला मतदारांचा कौल लागतो. मतदानाला न आलेलीही विरोधातच धरली जाते!

सूस २०२१ साली पुणे महापालिकेत गेलं. ग्रामसभा होती तेव्हा निदान आवाज तरी चढवता यायचा. आता प्रभागातल्या टोलेजंग सोसायट्यांमधून तो निम्मा आकडा जमवायचा कुणी?