शुश्रूषेचें वाङ्मय

पत्नीच्या आजारावर लिहिणारे आमचे लेखक अश्रूंत उदार, तपशिलांत कृपण. रमाबाई रानडे यांनीं 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी'त (१९१०) पतीचें अखेरचें दुखणें सांगितलें, तेथें विलापापेक्षां निरीक्षण अधिक आहे; म्हणूनच तें मनांत राहतें. कर्करोगावरील किरणोपचारांच्या तयारीवर असेंच लिहिलें पाहिजे. किरण रोज नेमक्या त्याच जागीं पडावे म्हणून अंगावर खुणा करतात. त्या पुसूं न देणें, डॉक्टरांस विचारल्यावांचून तेथें तेल-हळद लावूं न देणें, हें पतीचें काम. कसबा पेठेंतल्या वाड्यांत मायेनें तेलाची वाटी घेऊन आलेल्या वृद्ध आत्याला 'नको' म्हणणें किती अवघड! आमच्या कथांतून तो संकोच क्वचितच दिसतो. इस्पितळाच्या दाराशीं रडणारा नायक मात्र हटकून भेटतो.