घरबसल्या तुर्की

पुतण्यानं इस्तंबूलची मुलगी केली आणि वयाच्या बासष्टाव्या वर्षी मी तुर्की शिकायला बसलो. विहीणबाईंना इंग्रजी येत नाही, मराठी येण्याचा संभव नाही. कुणीतरी पुढं व्हायलाच हवं होतं. रस्त्यावरून एक जुनं 'घरबसल्या तुर्की' छापाचं इंग्रजी पुस्तक आणलं. त्या पुस्तकाविषयी आज जरा स्पष्ट बोलायचं आहे.

पुस्तक वाईट नाही. लिपीचा धडा तर झकास. १९२८ साली तुर्कांनी अरबी लिपी सोडून रोमन घेतली, अक्षरं २९. त्यातल्या 'सी'चा उच्चार 'ज' करायचा, अशा चारदोन गोष्टी मान्य केल्या की स्पेलिंगचा जाच संपला. पण पुढं लेखक एका इंग्रजाला समोर बसवतो आणि आपल्याला विसरतो. तुर्कीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं हे सांगताना त्याला घाम फुटतो. अहो, आमचं तरी दुसरीकडे कुठं येतं? 'एव' म्हणजे घर, 'एवदे' म्हणजे घरात. यात धीर देण्यासारखं काय आहे? 'तेय्झे' आणि 'हाला' या दोघींपुढं त्यानं एकच 'आंट' लिहून ठेवलंय. पहिली मावशी, दुसरी आत्या. पण साहेबाला ते कसं कळावं!

शिवाय ते लांबलचक शब्दाचं प्रदर्शन. 'आम्ही ज्यांना चेकोस्लोव्हाक करू शकलो नाही त्यांच्यापैकी तुम्ही आहात काय?' हा सबंध प्रश्न तुर्कीत जवळजवळ एका शब्दात मावतो. चेकोस्लोव्हाकिया १९९३ साली नकाशावरून गेला, शब्द अजून हिंडतोय. विहीणबाईंना मी हे विचारणार केव्हा?

खरा घात भूतकाळानं केला. पुस्तकात 'गेल्दी' म्हणजे आला, आली. 'गेल्मिश' म्हणजेही तेच; खाली बारीक टाइपात टीप, 'ऐकीव माहितीसाठी'. टिपा कोण वाचतो? सूनबाई मुंबईला उतरल्याचा पुतण्याचा फोन आला, मागोमाग विहीणबाईंचा. मी पुण्यात बसून छातीठोकपणे सांगितलं, "गेल्दी!" म्हणजे या डोळ्यांनी पाहिली. साहजिकच पुढचा प्रश्न, कशी आहे? "ग्युझेल!" सुंदर. हा पहिल्या धड्यातला शब्द. मग त्यांच्या बोलण्यात 'झायिफ' असं काहीतरी ऐकू आलं. जईफ! माझं वय विचारताहेत असं समजून मी तीनदा "एव्हेत, एव्हेत, एव्हेत" म्हटलं. होय, होय, होय. तुर्कीत त्याचा अर्थ बारीक, रोडावलेला. लेक वाळली असं मीच त्या माउलीला कळवलं. त्या रात्री तिकडं कुणाचा डोळा लागला नाही.

या खड्ड्यात इंग्रज पडत नाही, म्हणून पुस्तकात पाटी नाही. किताब, जवाब, दुनिया, हिशेब ही आपली अरबी-फारसी मंडळी थोड्याफार फरकानं तिकडेही नांदतात. पण 'मिसाफिर' तिथं मुसाफिर नव्हे, पाहुणा. आणि 'तोप' म्हणजे तोफ तर खरीच, शिवाय पोरांचा चेंडूही. कुणा मराठी माणसानं याची दोन पानांची यादी केली असती, तर मी ते सबंध पुस्तक रद्दीत घातलं असतं.

सूनबाईनं सगळं ऐकलं नि पोट धरून हसली. तिनं मराठी पुस्तकावाचून उचलली, आमच्या हिच्यामागं स्वयंपाकघरात हिंडून. 'गेल्मिश'ला आपल्यात काय म्हणतात ते तिला पहिल्याच आठवड्यात उमगलं. परवा घरी चार पाहुणे आले होते. चहा देता देता माझ्याकडं बघून त्यांना म्हणाली, "काकांना तुर्की येते म्हणे."