वाट दाखवणे आणि वाट आखून देणे : ‘रिडिझाइनिंग अमेरिकाज् कम्युनिटी कॉलेजेस’ या ग्रंथाची चिकित्सा

प्रस्तावना

उच्च शिक्षणात प्रवेश मिळणे आणि ते शिक्षण पूर्ण होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीची व्यवस्था झाली की दुसरी आपोआप घडते, असा समज विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगभर रूढ होता. अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेज ही या समजाची सर्वांत मोठी प्रयोगशाळा होय. 1901 साली इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे सुरू झालेल्या कनिष्ठ महाविद्यालयापासून या संस्थांचा प्रारंभ मानला जातो. 1947 मध्ये ट्रूमन आयोगाने त्यांच्या विस्ताराचा पुरस्कार केला आणि साठोत्तरी काळात त्या देशभर पसरल्या. अल्प शुल्क, सर्वांना खुला प्रवेश, दोन वर्षांची व साधारणतः 60 श्रेयांकांची असोसिएट पदवी आणि त्यानंतर विद्यापीठात तिसऱ्या वर्षी स्थलांतर, असे या संस्थांचे सर्वसाधारण स्वरूप आहे. नोकरी करणारे, संसार असलेले, स्थलांतरित आणि कुटुंबातून प्रथमच महाविद्यालयात येणारे असे विद्यार्थी येथे मोठ्या संख्येने असतात.

दार उघडे राहिले. परंतु आत आलेल्यांपैकी थोडेच पलीकडे पोहोचले. 2007 साली कम्युनिटी कॉलेजात प्रवेश घेतलेल्या पदवीइच्छुक विद्यार्थ्यांपैकी केवळ 14 टक्के सहा वर्षांत बॅचलर पदवीपर्यंत पोहोचले, असे 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. वास्तविक प्रवेशाच्या वेळी सुमारे 80 टक्के विद्यार्थी बॅचलर पदवीची आकांक्षा व्यक्त करतात. या तफावतीची मीमांसा करणारा व तिच्यावर उपाय सुचवणारा ग्रंथ म्हणजे टॉमस बेली, शॅना स्मिथ जॅगर्स आणि डेव्हिस जेन्किन्स यांचा ‘रिडिझाइनिंग अमेरिकाज् कम्युनिटी कॉलेजेस’ (हार्वर्ड युनिव्हर्सिटी प्रेस, 2015). या ग्रंथाचे प्रतिपादन, त्यामागील पुरावा आणि त्याच्या मर्यादा यांची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

ग्रंथाचे मध्यवर्ती प्रतिपादन

तिन्ही लेखक कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधील कम्युनिटी कॉलेज रिसर्च सेंटरशी संबंधित होते. 1996 मध्ये स्थापन झालेल्या या केंद्राच्या दीर्घ संशोधनाचे सार या ग्रंथात आले आहे. अपयशाचे कारण विद्यार्थ्याच्या कुवतीत किंवा प्राध्यापकाच्या निष्ठेत न शोधता ते संस्थेच्या रचनेत शोधावे, हा लेखकांचा पहिला आग्रह आहे. प्रचलित रचनेला ते ‘कॅफेटेरिया’ पद्धत म्हणतात. शेकडो अभ्यासक्रमांची यादी समोर ठेवायची, ढोबळ अटी सांगायच्या आणि विद्यार्थ्याने आपले ताट आपणच वाढून घ्यायचे, अशी ही पद्धत आहे. प्रवेशवृद्धीच्या काळात ती सोयीची होती, हे लेखक मान्य करतात. मात्र ज्याच्या घरी महाविद्यालयाचा अनुभव नाही, त्याला ही यादी वाचताच येत नाही. कोणता विषय कोणत्या पदवीला चालतो, कोणत्या विषयाला कोणती पूर्वअट आहे, कोणते श्रेयांक विद्यापीठ स्वीकारील, या प्रश्नांची उत्तरे माहितीपत्रकात विखुरलेली असतात. ती एकत्र जुळवण्याचे काम सर्वांत कमी माहिती असलेल्या व्यक्तीवर सोपवले जाते.

याला पर्याय म्हणून ग्रंथकार ‘मार्गदर्शित मार्ग’ ही संकल्पना मांडतात. प्रत्येक कार्यक्रमाचा सत्रनिहाय आराखडा प्राध्यापकांनी तयार करावा. विद्यार्थ्याने प्रारंभी आरोग्य, व्यवसाय, समाजविज्ञान असे एखादे व्यापक क्षेत्र निवडावे व त्यातून क्रमाने विशिष्ट कार्यक्रमाकडे जावे. त्याच्या प्रगतीवर सतत लक्ष ठेवावे आणि तो आराखड्याबाहेर गेल्यास सल्लागाराने त्वरित हस्तक्षेप करावा, अशी ही योजना आहे. कार्यक्रमरचना, विद्यार्थी-साहाय्य, अध्यापन, अपुऱ्या पूर्वतयारीचे विद्यार्थी, प्राध्यापकांचा सहभाग आणि अर्थकारण या सर्वांचा एकत्र विचार हे ग्रंथाचे बलस्थान होय. सुटे प्रयोग कितीही चांगले असले तरी मूळ रचना तशीच राहिल्यास ते विरून जातात, हे लेखकांचे निरीक्षण कोणत्याही देशातील प्राध्यापकाला पटण्यासारखे आहे.

अटींचे ओझे : पूर्वतयारी व स्थलांतर

अभ्यासक्रमविषयक अटी कशा अडथळा बनतात, याचे ठळक उदाहरण पूर्वतयारीच्या अभ्यासक्रमांत सापडते. प्रवेशाच्या वेळी घेतलेल्या अल्पकालीन चाचणीवरून विद्यार्थ्याला गणित वा इंग्रजीच्या श्रेयांकरहित वर्गांत पाठवले जाई. कधी एक, कधी तीन-तीन सत्रांची ही साखळी पूर्ण झाल्याशिवाय महाविद्यालयीन स्तराचा विषय घेता येत नसे. बेली व त्यांच्या सहकाऱ्यांच्या 2010 च्या अभ्यासात असे दिसले, की या साखळीत पाठवलेल्यांपैकी निम्म्याहून कमी विद्यार्थी ती पूर्ण करतात आणि सुमारे 30 टक्के तर पहिल्या वर्गातही नाव नोंदवत नाहीत. पुढे 2014 च्या एका अभ्यासाने दाखवले, की गणितात सुमारे एक-चतुर्थांश व इंग्रजीत सुमारे एक-तृतीयांश परीक्षार्थींचे स्थाननिर्धारण गंभीररीत्या चुकीचे होते. म्हणजे ज्या अटीने विद्यार्थ्याचे रक्षण व्हावे, तीच त्याला उंबरठ्यावर थांबवीत होती. फ्लोरिडाने 2013 मध्ये आणि कॅलिफोर्नियाने 2017 मध्ये कायदा करून ही सक्ती मोठ्या प्रमाणात सैल केली. धोरणावर संशोधनाचा इतका थेट परिणाम क्वचितच दिसतो.

दुसरे उदाहरण स्थलांतराचे. अमेरिकी संसदेच्या लेखा व उत्तरदायित्व कार्यालयाने 2017 च्या अहवालात असा अंदाज दिला, की 2004 ते 2009 या काळात संस्था बदलणाऱ्या विद्यार्थ्यांनी सरासरी 43 टक्के श्रेयांक गमावले. हा आकडा सर्व प्रकारच्या संस्थाबदलाचा आहे आणि सार्वजनिक संस्थांमधील बदलात नुकसान तुलनेने कमी असते, हे ध्यानी घ्यावयास हवे. तरीही त्यातून एक तत्त्व स्पष्ट होते. श्रेयांक कमावणे आणि ते पदवीस उपयुक्त ठरणे यांत अंतर असते, आणि ते अंतर एकटे कम्युनिटी कॉलेज मिटवू शकत नाही. स्वीकारणारे विद्यापीठ आपल्या विभागनिहाय अटी स्वतंत्रपणे ठरवीत राहिले, तर कॉलेजने आखलेला मार्ग नदीच्या काठाशी येऊन संपतो. कॅलिफोर्नियाने 2010 च्या कायद्याने स्थलांतरासाठी स्वतंत्र असोसिएट पदवी निर्माण केली ती याच जाणिवेतून. ग्रंथात या प्रश्नाची जाण आहे. पण सुधारणेचा भार मुख्यतः दोन वर्षांच्या संस्थेवर टाकला गेला आहे, हे असंतुलन खटकते.

पुरावा नेमका कशाचा ?

सल्लामार्गदर्शनाच्या परिणामकारकतेचा सर्वांत भक्कम पुरावा न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीतील ‘असॅप’ या कार्यक्रमातून येतो. 2007 मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमाचे मूल्यमापन यादृच्छिक पद्धतीने झाले. तीन वर्षांत पदवी मिळवणाऱ्यांचे प्रमाण कार्यक्रमातील गटात 40 टक्के, तर तुलनागटात 22 टक्के आढळले. ओहायो राज्यातील तीन महाविद्यालयांत याच नमुन्याचा प्रयोग झाला, तेव्हा हे प्रमाण अनुक्रमे 35 व 19 टक्के राहिले. सामाजिक विज्ञानात इतका मोठा व पुन्हा सिद्ध झालेला परिणाम दुर्मीळ असतो.

परंतु या आकड्यांचे वाचन सावधपणे केले पाहिजे. ‘असॅप’मध्ये एका सल्लागाराकडे 60 ते 80 विद्यार्थी होते, त्याच महाविद्यालयांतील इतरांसाठी हे प्रमाण एका सल्लागारामागे 600 ते 1500 होते. शिवाय शुल्कातील उणीव भरून काढली जात होती, शहर वाहतुकीचा पास व पाठ्यपुस्तकांसाठी साहाय्य मिळत होते आणि पूर्णवेळ शिकण्याची अट होती. येथे यश मिळाले ते केवळ मार्ग आखल्यामुळे नव्हे, तर मार्गावर चालणाऱ्याच्या भाड्याची, पुस्तकाची व सोबतीची तजवीज केल्यामुळे. विद्यार्थ्यामागील खर्च लक्षणीय वाढला. पदवीधरांची संख्या अधिक वाढल्याने दर पदवीमागील खर्च मात्र घटला. उलट, ग्रंथाने पुरस्कारलेल्या संपूर्ण संस्थात्मक पुनर्रचनेला असा प्रायोगिक पुरावा 2015 मध्ये उपलब्ध नव्हता. अर्थकारणाच्या प्रकरणात लेखक वाढीव खर्चाची बाब लपवत नाहीत, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे द्योतक आहे. तथापि ज्या प्रशासकांनी हा ग्रंथ हाती धरून सुधारणा केल्या, त्यांना आराखडे छापणे स्वस्त आणि सल्लागार नेमणे महाग वाटले असल्यास नवल नाही. ग्रंथाची मांडणी या निवडक वाचनाला पुरेसा अटकाव करीत नाही.

या विचारधारेला वर्तनवादी अर्थशास्त्राचा आधार आहे. पर्याय वाढले की माणूस निर्णय टाळतो, हे सूत्र 2000 साली प्रसिद्ध झालेल्या मुरंब्याच्या प्रयोगातून लोकप्रिय झाले. दुकानात 24 प्रकार मांडले तेव्हा ग्राहक थांबले अधिक, पण खरेदी 6 प्रकार मांडले तेव्हा जास्त झाली. मात्र 2010 च्या एका संकलित विश्लेषणाने अशा 50 प्रयोगांचा सरासरी परिणाम जवळजवळ शून्य असल्याचे दाखवले. म्हणून ‘पर्याय कमी करा’ हा निष्कर्ष सार्वत्रिक नियम म्हणून स्वीकारता येत नाही. विद्यार्थी अडतो तो पर्यायांच्या संख्येमुळेच असे नाही. पर्यायांचा अर्थ सांगणारे कोणी नसल्यामुळेही तो अडतो. पहिले निदान खरे मानले तर उपाय यादी आखूड करणे हा ठरतो. दुसरे मानले तर माणसे नेमणे हा ठरतो.

सल्लागाराची भूमिका : विस्मृतीत गेलेला आक्षेप

समाजशास्त्रज्ञ बर्टन क्लार्क यांनी 1960 साली एका निबंधातून कम्युनिटी कॉलेजच्या सल्लागाराचे वेगळेच चित्र रेखाटले होते. अर्व्हिंग गॉफमन यांच्या 1952 च्या लेखातील संकल्पनेचा आधार घेऊन त्यांनी असे दाखवले, की खुला प्रवेश देणाऱ्या समाजाला महत्त्वाकांक्षी परंतु अल्पगुणी विद्यार्थ्यांना कुठेतरी थांबवावे लागते. थेट नकार देण्याऐवजी चाचणीचे गुण, पूर्वतयारीचे वर्ग आणि समुपदेशकाच्या मृदू शब्दांतून त्यांच्या आकांक्षा हळूहळू खाली आणल्या जातात. विद्यार्थ्याला वाटते, की हा निर्णय आपलाच होता.

क्लार्क यांचे निरीक्षण मान्य केल्यास ‘मार्गदर्शित मार्गां’समोर एक नैतिक प्रश्न उभा राहतो. पहिल्याच सत्रात क्षेत्र निवडावयाचे असेल, तर कोणता विद्यार्थी अभियांत्रिकी-पूर्व मार्गाकडे व कोणता अल्पमुदतीच्या प्रमाणपत्राकडे वळवला जाईल ? आखीव मार्ग ही केवळ पूर्वनिश्चित सूचना आहे, विद्यार्थी ती सल्लागाराच्या संमतीने बदलू शकतो, असे उत्तर ग्रंथाच्या भूमिकेतून मिळते. हे उत्तर निवडीच्या स्वातंत्र्यापुरते ठीक आहे. पण बदल मागण्याचे धैर्य ज्याच्या अंगी आहे तोच बदल मागतो, आणि ते धैर्य वर्ग, वंश व कौटुंबिक पार्श्वभूमी यांनुसार विषम वाटलेले असते. म्हणून पदवीपूर्तीची सरासरी वाढली एवढ्याने समाधान न मानता कोणत्या मार्गावर कोणते विद्यार्थी पोहोचले, याची नोंद ठेवणे अपरिहार्य ठरते.

तरीही क्लार्क यांचा आक्षेप हा कॅफेटेरिया पद्धतीचे समर्थन ठरत नाही. अस्पष्ट अटींच्या जंगलात सोडून देणे हेदेखील थांबवण्याचेच एक तंत्र आहे. फरक इतकाच, की तेथे मृदू शब्द बोलायलाही कोणी नसते. ग्रंथाचे महत्त्व या जाणिवेत आहे आणि मर्यादा ती अर्ध्यावर सोडण्यात आहे.

महाराष्ट्राच्या संदर्भात

महाराष्ट्रातील प्राध्यापकांना हा ग्रंथ परका वाटू नये. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ची अंमलबजावणी राज्यातील स्वायत्त महाविद्यालयांत 2023-24 पासून आणि संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून सुरू झाली. मुख्य व गौण विषय, खुले ऐच्छिक, कौशल्य, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, कार्यप्रशिक्षण अशा अनेक गटांतून विद्यार्थ्याला तीन वर्षांच्या पदवीसाठी 120 ते 132 श्रेयांक जुळवावयाचे आहेत. बहुविध प्रवेश-निर्गमनाची तरतूद आणि 2021 मधील श्रेयांक पेढीची नियमावली यांमुळे स्थलांतराचा प्रश्नही दाराशी आला आहे. अमेरिकेत जी रचना अर्धशतकाच्या अनुभवानंतर सदोष ठरवली गेली, तिच्याशी या रचनेचे काही अंशी साम्य आहे. फरकही आहे : येथे गट ठरलेले आहेत, आणि लहान महाविद्यालयांत निवड अनेकदा उपलब्ध प्राध्यापकांपुरतीच उरते. म्हणजे कागदावर कॅफेटेरिया आणि प्रत्यक्षात ठरलेली थाळी, अशी ही अवस्था आहे.

येथे सल्लागार हे स्वतंत्र पद नाही. मार्गदर्शक-पालक योजनेखाली हे काम अध्यापकावर येते आणि मूल्यांकनाच्या कागदपत्रांत त्याचे गुणोत्तर नोंदवले जाते. गुणोत्तर नोंदवणे आणि एका विद्यार्थ्याचे श्रेयांक त्याच्या समोर बसून जुळवणे यांतील अंतर प्रत्येक प्राध्यापक जाणतो. ‘असॅप’चा धडा हाच, की हे काम वेळ, वेतन व प्रशिक्षण देऊन करवून घ्यावे लागते.

समारोप

बेली, जॅगर्स व जेन्किन्स यांनी अपयशाचा दोष विद्यार्थ्यावरून काढून रचनेवर ठेवला, हे त्यांचे चिरस्थायी योगदान होय. अभ्यासक्रमाच्या अटी या तटस्थ नसतात, त्या कोणाला तरी आत घेतात व कोणाला तरी बाहेर ठेवतात, हे त्यांनी साधार दाखवले. मात्र उपलब्ध पुरावा आखीव आराखड्यापेक्षा प्रत्यक्ष सोबतीच्या बाजूने अधिक बोलतो, विद्यापीठांची जबाबदारी ग्रंथात कमी लेखली जाते आणि मार्गदर्शनातील सत्तेचा प्रश्न अनुत्तरित राहतो. वाट आखून देणे हे प्रशासनाचे काम आहे; वाट दाखवणे हे शिक्षकाचे. पहिले झाले म्हणजे दुसरे झाले, असे मानण्याचा मोह संस्थांना होणे स्वाभाविक आहे. तो टाळला, तरच या ग्रंथातील विचाराचा लाभ ज्यांच्यासाठी तो मांडला त्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचेल.