घसरून थांबलेली सायकल : कार्य-ऊर्जेच्या एका उदाहरणाची तपासणी

एन.सी.ई.आर.टी.च्या अकरावीच्या भौतिकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात (2006 ची आवृत्ती) 'कार्य, ऊर्जा आणि शक्ती' या प्रकरणात एक सोडविलेले उदाहरण आहे. सायकलस्वार घसरत जाऊन 10 मीटरवर थांबतो. रस्त्याने सायकलवर गतीच्या विरुद्ध दिशेने लावलेले बल 200 न्यूटन आहे. रस्त्याने सायकलवर केलेले कार्य उणे 2000 ज्यूल आणि सायकलने रस्त्यावर केलेले कार्य शून्य, अशी उत्तरे दिली आहेत. क्रिया व प्रतिक्रिया समान असल्या तरी त्यांची कार्ये समान व विरुद्ध असतीलच असे नाही, हा बोध त्यातून काढला आहे. बोध योग्यच आहे. मात्र पहिले उत्तर जसेच्या तसे वर्गात सांगण्यापूर्वी तपासून घ्यावयास हवे.

रस्त्याने सायकलकडून 2000 ज्यूल काढून घेतले आणि रस्त्याला काहीच मिळाले नाही, तर ही ऊर्जा गेली कोठे? चौकस विद्यार्थी हा प्रश्न विचारतोच. 'उष्णतेत गेली' हे आपले ठरलेले उत्तर. पण उष्णता कोणाची? टायरही तापतो, रस्ताही तापतो. टायर हा सायकलचाच भाग असल्याने 2000 ज्यूलपैकी काही ऊर्जा सायकलमध्येच राहिली. म्हणजेच उणे 2000 ही संख्या सायकलमधून बाहेर गेलेली ऊर्जा दर्शवीत नाही.

गोंधळाचे मूळ असे की, दोन वेगळी समीकरणे एकाच नावाने शिकविली जातात. बल आणि वस्तुमानकेंद्राचे विस्थापन यांचा गुणाकार न्यूटनच्या दुसऱ्या नियमातून येतो. त्याने वेगातील बदल अचूक मिळतो. खऱ्या कार्यासाठी मात्र बल ज्या बिंदूवर लागते त्या बिंदूचे विस्थापन घ्यावे लागते. घसरताना दोन्ही पृष्ठभागांवरील सूक्ष्म उंचवटे एकमेकांत अडकतात, वाकतात, तुटतात. त्यांचे विस्थापन 10 मीटर नसते. शेरवूड व बर्नार्ड यांनी 1984 मध्ये 'अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स'मध्ये हा मुद्दा सविस्तर मांडला. दोन्ही पृष्ठभाग अगदी सारखे असतील तर हे परिणामी विस्थापन घसरलेल्या अंतराच्या निम्मे येते. रबर व डांबर यांच्याबाबतीत ते केवळ बल आणि अंतर यांवरून काढता येत नाही.

उदाहरणात थोडा बदल केला की हा फरक स्पष्ट होतो. समजा, चाक न घसरता फिरत राहिले आणि ब्रेक लावून सायकल त्याच 200 न्यूटन बलाने 10 मीटरवर थांबली. वस्तुमानकेंद्राच्या समीकरणात पुन्हा उणे 2000 च येईल. परंतु टायरचा रस्त्याला टेकलेला बिंदू त्या क्षणी स्थिर असल्याने रस्त्याचे कार्य शून्य! तापतात ते ब्रेकचे रबर व चाकाची कड. बल तेच, अंतर तेच, पण ऊर्जेचा हिशेब संपूर्ण वेगळा.

पुस्तकाला न्याय द्यावयाचा तर, त्याच प्रकरणात पुढे खरबरीत पृष्ठभागावर थांबणाऱ्या ठोकळ्याविषयी लिहिताना ठोकळा आणि टेबल या दोहोंची आंतरिक ऊर्जा वाढते असे सांगितले आहे. हाच विचार सायकलच्या उदाहरणाला लावला असता तर प्रश्न उरला नसता.

शिक्षकांनी काय करावे? प्रथम फळ्यावर संहती कोणती ते लिहावे. वेग किंवा अंतर काढण्यासाठी वस्तुमानकेंद्राचे समीकरण वापरावे; त्यातील गुणाकारास 'घर्षणाने केलेले कार्य' म्हणू नये. ऊर्जेचा हिशेब मांडताना सायकलस्वार, सायकल आणि रस्ता मिळून एक संहती घ्यावी. मग 2000 ज्यूल गतिज ऊर्जा कमी झाली आणि तेवढीच आंतरिक ऊर्जा वाढली, हे विधान निर्विवाद ठरते.

हा शब्दच्छल नव्हे. पुढे उष्मागतिकीचा पहिला नियम शिकताना कार्य, उष्णता व आंतरिक ऊर्जा यांत भेद करावाच लागतो. यांत्रिकीत तो पुसून टाकला, तर तोच विद्यार्थी तेथे अडखळतो आणि ऊर्जेची अक्षय्यता हे त्याच्यासाठी केवळ पाठ करण्याचे वाक्य होऊन बसते.